एन्नोरचा धूर आणि मामांची जुनी कॅम्पर व्हॅन

चेन्नईला फिरायला गेलेला मराठी माणूस साधारण कुठे जातो? मरीना बीच, मैलापूरचं कपालीश्वर मंदिर, साड्यांसाठी टी. नगर आणि मग थेट दक्षिणेला महाबलीपुरम. शहराच्या उत्तरेला मात्र सहसा कुणी फिरकत नाही. तिकडे काय आहे असं विचारलंत तर उत्तर मिळतं, "कारखाने!"

त्या कारखान्यांच्या रांगेच्या टोकाला एन्नोर आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला कोसस्तलैयार नदीची खाडी आणि मध्ये चिंचोळी वस्ती. तुम्हाला गंमत वाटेल, पण ब्रिटिशांच्या काळात मद्रासचे साहेबलोक इथे हवापालटासाठी येत. आज तुम्ही इथे उतरलात तर आधी नाकाला रुमाल लावाल. मणलीची रिफायनरी, खतांचे कारखाने, औष्णिक वीज केंद्र, कोळशाचं बंदर आणि दिवसरात्र धावणारे कंटेनर ट्रक, असा सगळा शेजार या गावाला लाभला आहे.

आम्ही इथे गेलो ते एका छोट्याशा कागदासाठी. त्या कागदाचं नाव पीयूसी. तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची जुनी गाडी असेल, किंवा जुनी व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर करायचा विचार असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

घर घेऊन निघालेली मंडळी

माझे मामा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, २००९ सालची. आत झोपायला दोन बाक, छोटा गॅस, पाण्याची टाकी आणि डोक्यावर पंखा. आरटीओत रीतसर नोंद करून घेतली. मामी तिला 'फिरतं बिऱ्हाड' म्हणते. या वेळी मामा, मामी, त्यांची सात वर्षांची नात आणि मी असे चौघं पुण्याहून हैदराबाद, विजयवाडा, नेल्लोर करत पूर्व किनाऱ्याने खाली आलो. पुलिकत सरोवरावर फ्लेमिंगो पाहिले आणि चेन्नईच्या वेशीवर पोहोचलो, तेव्हा मामांनी कागदांची फाइल उघडली. पीयूसी संपायला दोन दिवस राहिले होते.

घाबरायचं कारण नव्हतं. पीयूसी देशातल्या कुठल्याही अधिकृत केंद्रावर काढता येते आणि ती सगळीकडे चालते. एमएच पासिंगची गाडी तमिळनाडूत तपासली तरी काही अडत नाही. मामांचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर एन्नोरला राहतात. ते फोनवर म्हणाले, "इकडेच या. डिझेल गाडीची नस ओळखणारी माणसं हवी असतील तर याच्याहून चांगली जागा नाही."

त्यांच्या या म्हणण्यात तथ्य होतं.

इंजिनांचा रस्ता

चेन्नईच्या बंदरापासून उत्तरेला निघालात की आधी काशिमेडूचं मासेमारी बंदर लागतं. पुढे समुद्राला धरून एन्नोर एक्सप्रेसवे जातो. नावावरून वेगाची कल्पना करू नका, कारण कंटेनर ट्रकांच्या रांगेत तुम्हाला चहा पिऊन होईल इतका वेळ मिळू शकतो. मग येतं तिरुवोत्रियूर. इथे त्यागराज स्वामी आणि वडिवुडै अम्मनचं प्राचीन देऊळ आहे, आणि इथेच एन्फील्ड इंडियाचा कारखाना उभा राहिला. ही कंपनी १९५५ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडच्या रस्त्यांवर धडधडत जाणाऱ्या जुन्या बुलेटचं माहेर हेच. त्याच्या पुढे विमको नगर. लहानपणी आपण ज्या काड्यापेट्यांची चित्रं गोळा करायचो, त्या बनवणाऱ्या विमकोच्या नावाचं हे उपनगर. मेट्रोची निळी मार्गिका विमानतळापासून इथवर येते.

आणि मग एन्नोर. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्स ही कंपनी काढली. एन्नोरच्या कारखान्यात आधी ऑस्टिन मोटारी जोडल्या जात. पुढे ब्रिटनच्या लेलँडशी करार झाला, १९५५ मध्ये नाव अशोक लेलँड झालं आणि इथून ट्रक आणि बस देशभर धावू लागल्या. तुमच्या गावात आलेली एखादी लाल एसटीही कदाचित याच वंशातली असेल.

त्यामुळे इथे गल्लीगल्लीत डिझेल इंजिनची गॅरेजेस आहेत. बापाकडून मुलाकडे आलेली विद्या आहे. नुसता आवाज ऐकून "तिसरा नोझल गेलाय" असं सांगणारी माणसं आहेत.

या गाड्यांच्या इतिहासात आपलाही वाटा मोठा आहे बरं का! सामान वाहणाऱ्या छोट्या गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो, तो मुळात मराठी शब्द नाही. ते एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली, आणि गाडीचं नाव पुढे गाडीच्या जातीलाच चिकटलं. इतकंच कशाला, गाड्यांच्या चाचण्यांचं देशातलं मोठं केंद्र असलेली एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे पुणेकर तिच्या भिंतीजवळूनच जातात.

चाचणीत नेमकं काय होतं?

आपल्यापैकी बरेचजण पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या टपरीसमोर गाडी उभी करतात, पैसे देतात आणि कागद घेऊन निघतात. आत काय मोजलं जातं हे विचारतच नाहीत. म्हणून थोडं समजून घेऊ.

नवी गाडी एक वर्षाची झाली की तिला पीयूसी लागते. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना ती एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांना फक्त सहा महिने. मामांची व्हॅन बीएस-३, म्हणजे वर्षातून दोनदा परीक्षा! पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. जुन्या, बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के, तर बीएस-४ ला ०.३ टक्के.

डिझेलचं गणित वेगळं. तिथे धुराची दाटी मोजतात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, इंजिन नीट गरम होऊ द्यायचं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा. यंत्रातून प्रकाशाचा झोत धुराच्या आरपार जातो. धूर जितका काळा, तितका प्रकाश कमी पोहोचतो. असं अनेकदा करून सरासरी काढतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीसाठी मर्यादा आहे प्रति मीटर २.४५, आणि बीएस-४ साठी १.६२. जुन्या गाडीला नियमानेच थोडी सूट आहे, ती नव्या गाडीइतकी स्वच्छ असावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. स्वतःच्या काळाच्या मापाला उतरली तरी पुरे.

मामांची व्हॅन उतरली नाही. आकडा आला ३.१.

मामांचा चेहरा पडला. परीक्षेत नापास झालेल्या नातवंडाला धीर द्यावा तशी मामी म्हणाली, "अहो, होतं असं. दुरुस्त करून पुन्हा बसवू परीक्षेला."

दोन वाटा

मामांच्या मित्राने आम्हाला एका गॅरेजमध्ये नेलं. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रक, आत साठीचे एक मेकॅनिक. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. तमिळमध्येही अण्णा म्हणजे मोठा भाऊच, त्यामुळे आम्हाला हाक मारायला वेगळा शब्द शोधावा लागला नाही. ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेलं त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा मजेदार होतं. त्यांनी मामांना गाडी रेस करायला सांगितली, मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "पुगै." तमिळमध्ये धुराला पुगै म्हणतात.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली अर्ध्या तासाची. डिझेल पंपाचा स्क्रू थोडा मागे घ्यायचा, म्हणजे इंजिनात डिझेल कमी जाईल आणि धूर कमी दिसेल. पीयूसी निघाली की स्क्रू पुन्हा पहिल्या जागी आणायचा. "खूप लोक असंच करतात," ते शांतपणे म्हणाले. दुसरी वाट दिवसभराची. धूर कशामुळे येतोय ते शोधायचं आणि ते कारणच काढायचं.

खरं सांगते, आम्हाला त्याच संध्याकाळी पुदुच्चेरीला पोहोचायचं होतं. खोली बुक होती. मी मनात पहिल्या वाटेच्या बाजूने होते. मामांनी मात्र विचारलं, "अण्णा, तुमची गाडी असती तर?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. सरळ जॅक आणायला सांगितला.

त्या दिवसात काय काय झालं ते इथे क्रमाने देते, कारण तुमच्याही जुन्या गाडीची दुखणी साधारण हीच असणार.

आधी एअर फिल्टर. तो इतका धुळीने भरला होता की आपटल्यावर ढग उडाला. डिझेल नीट जळायला पुरेशी हवा लागते. हवा कमी पडली की अर्धवट जळलेलं इंधन काजळी होऊन बाहेर येतं. काळ्या धुराचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच.

मग डिझेल फिल्टर. कॅम्पर व्हॅनचं दुखणं असं की ती महिनोन् महिने उभी असते. अर्ध्या भरलेल्या टाकीत बाष्प साचतं, त्याचं पाणी होतं, तळाला गाळ बसतो. आमच्या फिल्टरच्या तळातून खरंच पाणी निघालं.

तिसरं, नोझल. डिझेलचा फवारा बारीक धुक्यासारखा पडायला हवा. नोझल झिजले की थेंब गळतात आणि थेंब पूर्ण जळत नाहीत. अण्णांनी चारही नोझल काढून शेजारच्या दुकानात तपासायला पाठवले. दोन ठीक निघाले, दोन बदलले.

दुपार उलटली. छोकरी बाकावर झोपायला गेली. तेवढ्यात गाडीखालून अण्णांनी हाक मारली.

बिछान्याखालचा धूर

मॅनिफोल्डपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपचं पॅकिंग जळालं होतं. तिथून धूर गळत होता आणि जोडाच्या वरचा पत्रा काळा पडला होता. त्या पत्र्याच्या बरोबर वर मधला बाक येत होता. पोर झोपते तो. मामीने आत जाऊन तिला उचलून बाहेर आणलं. त्या वेळी इंजिन बंदच होतं, पण मामीला तेवढा धीर नव्हता.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. पीयूसी केंद्रावर नळी सायलेन्सरच्या टोकाला लावतात. टोकाच्या आधी पाइप कुठे फुटलाय, धूर गाडीच्या आत शिरतोय का, हे ते यंत्र सांगत नाही. शिवाय डिझेल गाडीत ते फक्त धुराची दाटी मोजतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात पुढे आलं. म्हणून कॅम्परमध्ये झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका. एसीसाठी नको आणि पाच मिनिटांसाठीही नको. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारा अलार्म मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ बसवून घ्या.

पहिली वाट धरून आम्ही स्क्रू फिरवून घेतला असता, तर पीयूसी निघाली असती आणि हा जोड तसाच गळत राहिला असता. संध्याकाळी पॅकिंग बदललं, पाइप घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वीस मिनिटं फिरवून, गरम करून केंद्रावर नेली. आकडा आला १.८. मामांनी तो कागद आधार कार्डासारखा जपून ठेवला.

ज्यांना टोक बंद करता येत नाही

निघण्याआधी मामांच्या मित्राने आम्हाला खाडीवर नेलं. कोसस्तलैयार इथे समुद्राला मिळते. ओहोटीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून लोक हाताने कोळंबी शोधत होते. पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या, अलीकडे होड्या. एन्नोरचं जुनं औष्णिक केंद्र १९७० ते २०१७ असं चाललं आणि बंद झालं. उत्तर चेन्नईचं मोठं केंद्र मात्र चालू आहे आणि त्याच्या राखेने ही खाडी उथळ केल्याची तक्रार मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत.

२०१७ च्या जानेवारीत इथल्या कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्यावर आलं. लोकांनी ते बादल्यांनी उपसलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीकडून तेल वाहत आलं आणि या खाडीत होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या झाल्या. तो महिना संपण्याआधीच, २६ तारखेच्या रात्री, समुद्राखालच्या पाइपमधून अमोनिया गळला आणि झोपेतून उठून लोकांना घराबाहेर पळावं लागलं.

आपण धूर सोडून पुढे निघून जातो. इथली माणसं तिथेच राहतात. आमच्या एका व्हॅनच्या धुराने एन्नोरच्या हवेत काय फरक पडणार, असं मीही म्हणाले असते. एका चिमणीसमोर तो काहीच नाही. पण एक्सप्रेसवेवर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला हेच वाटत असतं, आणि त्या रांगेच्या कडेला शाळेत जाणारी मुलं चालत असतात. कारखान्यांचं काय ते न्यायालयं आणि सरकार बघतील, त्यांना धारेवर धरलंच पाहिजे. आपल्या हातात आपल्या सायलेन्सरचं टोक आहे, ते आपण सांभाळायचं.

तुमची जुनी गाडी परीक्षेला बसण्याआधी

• आरसी बघा. गाडीचा कॅम्पर केला असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नियमांनुसार बिगर-परिवहन वाहनात मोडते.

• पंधरा वर्षं पूर्ण झाली असतील तर फेरनोंदणीची तारीख चुकवू नका. त्या वेळी गाडीची तपासणी होते. तुमच्या राज्यात हरित कर आहे का, तेही आरटीओत विचारून घ्या.

• पीयूसीच्या आधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तपासा. इंजिन ऑइल जुनं असेल तर बदला.

• केंद्रावर थंड गाडी नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून मगच न्या.

• धुराचा रंग बघा. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरलेलं पाणी. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

• गाडी खूप दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा चांगली लांब फेरी मारा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काजळीच वाढते.

• वर्षातून एकदा गाडी उचलून सायलेन्सरचा प्रत्येक जोड तपासून घ्या, विशेषतः झोपायच्या जागेखालचा.

• आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. पीयूसी काढताना त्यावर ओटीपी येऊ शकतो.

पुढच्या वेळी चेन्नईला गेलात तर एक सकाळ उत्तरेसाठी राखून ठेवा. विमको नगरपर्यंत मेट्रोने जा, पुढे लोकल किंवा रिक्षाने एन्नोर गाठा. ओहोटीच्या वेळी खाडीवर गेलात तर कोळंबी पकडणारे हात दिसतील. बाजारात ती ताजी मिळते आणि कालवणाला फार चवदार लागते, हे मामीचं प्रशस्तिपत्र! आणि हो, आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीच्या पीयूसीची तारीख एकदा नक्की बघा.